तीन पानांचं रोप

वाफ्यात खड्डा होता आणि रोप नव्हतं.

चंद्रकला सोमकुवर त्या खड्ड्याशी चिखलातच फतकल मारून बसली. धुतलेली साडी, खांद्यावरची पिशवी, पिशवीतला बर्फाचा थर्मास, सगळं चिखलात. रोप नाही हे डोळ्यांना दिसत असूनही तिनं खड्ड्यात हात घालून चाचपलं. माती ओली होती, कडा सफाईनं कापलेल्या होत्या. बकरीनं तोंड घातलं असतं तर बुडखा उरला असता. उंदरानं कुरतडलं असतं तर पाला पडला असता. हे कोणीतरी खुरप्यानं, मुळासकट, अगदी जपून काढलं होतं. म्हणजे माणसाचंच काम. बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

एका रोपट्यापायी एवढा कालवा कशाला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे बापा. म्हणणाऱ्याचं काय जातं?

गोष्ट चौऱ्यांशीच्या श्रावणातली. पांढुर्ण्याच्या भोवतालचे संत्र्याचे बगीचे तेव्हा मरून राहिले होते. बुंध्यातून डिंक पाझरायचा, पानं पिवळी पडायची, आणि फळांनी वाकलेलं झाड बघता बघता उभ्याउभ्या वाळायचं. लोक त्या रोगाला डिंक्या म्हणत. रोग मातीतला, मुळाला धरणारा. आता संत्र्याचं झाड काही स्वतःच्या मुळावर उभं नसतं. खाली जांभेरी नावाच्या आंबट रानलिंबाचं मूळ, त्यावर संत्र्याचा डोळा बांधलेला, असं ते कलम असतं. जांभेरी वाढीला जोरकस, पण डिंक्यापुढं पार नांगी टाकणारी. चंद्रकलानं नागपूरच्या कॉलेजात पीएच.डी.ला हेच धरलं होतं. जांभेरीचा संकर अशा झाडाशी करायचा, ज्याचं मूळ डिंक्याला भीक घालत नाही. ते झाड दूर थंड डोंगरातलं, काटेरी, फळ तोंडात धरवत नाही असं कडू. पण मूळ खमकं. आणि त्याची पानं एका देठाला तीन, थेट बेलासारखी.

सांगायला सोपं आहे. जांभेरी मात्र महा बिलंदर बाई! तिच्या फुलावर कोणाचेही परागकण टाका, बियांतून उगवणारी रोपं बहुतेक सगळी आईचीच हुबेहूब नक्कल. बापाचा त्यात वाटाच नाही. शेकड्यात एखादं दोघांचं खरं लेकरू निघालं तर निघालं, आणि त्याची खूण एकच, बापासारखी तीन पानं. त्यासाठी चंद्रकला दर बहाराला शिडीवर चढली. बर्फात घालून आणलेले परागकण ब्रशनं फुलाफुलाला लावायचे, वर कागदी पिशवी बांधायची, फळ पिकेपर्यंत माकडांशी भांडायचं, मग बी काढून पेरायचं. उगवलेल्या ढीगभर रोपांत तीन पानांची मोजकीच सापडली. आणि त्या मोजक्या लेकरांना तिनं स्वतःच्या हातानं विषात लावलं. मेलेल्या संत्र्यांखालची रोगट माती टोपल्यानं आणून वाफा भरला. त्या मातीत जगेल तेच कामाचं. एकेक करून ती मेली. एखादं पान पिवळं दिसलं की त्या दिवशी तिला घास गिळवत नसे. शेवटी एक उरलं. ते मात्र मरेना. उलट पावसात त्यानं नवा फुटवा काढला.

तेच हे रोप. इतके दिवस तिनं त्याच्या पानाला हात लावला नव्हता, तोडण्याजोगी पानं नव्हतीच. आज पहिल्यांदा दोन पानं बर्फात घालून नागपूरला न्यायची होती, ते खरंच दोघांचं आहे हे प्रयोगशाळेत दाखवायला. दसऱ्यानंतर दिल्लीहून तिचं काम तपासायला कमिटी येणार होती. "जिवंत रोप समोर ठेव," तिचे गाईड प्रभाकर सर म्हणाले होते. "नाही तर तुझं काम बंद करतील, आणि मला काहीच करता येणार नाही."

आणि निव्वळ पदवीचा प्रश्न असता तरी एक वेळ ठीक होतं. चंद्रकलाची माय जन्मभर दुसऱ्यांच्या बगीच्यांत संत्री तोडायला गेली. बगीचे मेले तशी मजुरी मेली. माय मग विटाभट्टीवर गेली, तिथली राख छातीत भरून घेतली, आणि खोकून खोकून संपली. बगीचे असते तर ती असती, असं चंद्रकलाला वाटे. खरं-खोटं कोण सांगणार, पण तिला वाटे.

हा वाफा होता केशवरावांच्या बगीच्यात, जाम नदीच्या पलीकडे. केशवराव मोठा थट्टेखोर माणूस, तिला "मॅडमबाई" म्हणायचे. स्वतःचा अर्धा बगीचा डिंक्यानं खाल्ला होता, तरी हा कोपरा त्यांनी तिला आपण होऊन दिला होता. पण मागच्याच आठवड्यात एक नर्सरीवाला हे रोप पाहून गेला, आणि केशवराव हसत म्हणाले होते, "मॅडमबाई, हे तं सोन्याचं झाड निंगलं. इकून टाकू का?" चिखलात बसल्या बसल्या चंद्रकलाला नेमकं तेवढंच आठवलं आणि तिचं डोकं फिरलं.

ती तशीच चिखलाच्या पायांनी त्यांच्या अंगणात गेली. केशवराव मजुरांसोबत चहा पीत बसले होते.

"कितीले इकलं, काकाजी?"

"काय इकलं?"

"माझं रोप! खुरप्यानं काढून नेलं. तुमच्याबिगर कोनाले माहीत होतं ते? त्या नर्सरीवाल्याले देल्लं न? गरिबाच्याच पोरीचं भेटलं तुमाले चोरायले?"

एकदा तोंडाचा पट्टा सुटला की तो काय आवरतो? ती बोलत सुटली. तुम्ही सगळे बगीचेवाले सारखेच, माझ्या मायच्या जिवावर मोठे झाले, आता माझ्यावर टपले. मजूर खाली माना घालून मातीकडे पाहू लागले. केशवरावांच्या हातात बशी तशीच राहिली, चहावर साय धरली.

"झालं तुमचं?" ते उठले. चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं. "माह्या बापजन्मात मले कोनं चोर म्हनलं नाही. आता जा. अन् पुन्हा या फाटकाच्या आत पाय ठेवू नोका."

दारात त्यांची बायको कलाबाई उभी होती, पदराचं टोक दातात धरून. तिनं तोंड उघडलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मूग गिळून आत गेली. चंद्रकलाचं तिकडं लक्षच नव्हतं. सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं, पण रागावलेल्या माणसाला दिसतं कुठं?

हे झालं शुक्रवारी. शनिवारी चंद्रकला पांढुर्ण्यातल्या एकूण एक नर्सऱ्या फिरली. कुंड्यांमधून वाकून वाकून पाहत होती, प्लास्टिकच्या पिशव्या उचकत होती. तो नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, आप देख लो पूरा, अपने को क्या करना तीन पत्तेवाला?" तिनं खरोखरच सगळं पाहिलं. रविवारी भर पावसात ती मोहगावपर्यंत जाऊन आली, कोणीतरी तिकडं नवी नर्सरी टाकल्याचं ऐकलं म्हणून. तिथं पपईची रोपं होती. घरी, सौसरला, तिचे वडील मोतीराम यांनी ताट वाढून ठेवलं, तिनं ते तसंच सरकवलं. "गाय हरपल्यावानी हिंडून राहिली तू, चंदा," ते म्हणाले. "मानसाले इचार, मातीले नोको इचारू." तिला ते पटलं. पण ज्या माणसाला विचारायचं त्याला ती चोर म्हणून बसली होती.

सोमवारी ती पुन्हा केशवरावांच्या फाटकाशी आली. वेड्या आशेनं पांढुर्ण्याच्या स्टँडवरून थर्मासमध्ये बर्फही भरून आणला होता. आत पाय ठेवायचा नाही म्हणून बाहेर रस्त्यावरच उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तेवढ्यात कलाबाई पूजेचं ताट घेऊन बाहेर आली आणि तिला पाहून थबकली.

"काकू, काकाजीले सांगा, माझं चुकलं. मी पाया पडतो त्याइच्या. मले रागानं काही सुचलं नाही. फक्त रोप कुठं गेलं एवढं सांगा म्हना, मी त्या मानसाच्या दारात जाऊन बसतो. काहीबी करतो."

कलाबाईच्या हातातल्या ताटातलं दूध हिंदकळलं. "त्याइनं नाही नेलं वो पोरी," ती एकदम रडू लागली. "मी नेलं."

"तुमी?"

"मले वाटलं, बेल हाये. तीन पानं, काटे. त्या मेलेल्या मातीत तुहे सारे रोपं मेले, गवताची काडी जगत नाही, अन् तिथं महादेवानं बेल उगवला! मी डिंक्यासाठी नवस बोलली होती न त्याले. मले वाटलं, आयकलं देवानं. मंग त्या घानेरड्या मातीत देवाचं झाड कसं ठेवू? जपून काढला अन् नेऊन त्याच्या ओट्याशी लावला."

आपल्याकडं बेल कोणी उपटून फेकत नाही. दुसरं कुठलं परकं रोप वाफ्यात दिसलं असतं तर कलाबाईनं ते बांधावर भिरकावलं असतं, नाहीतर चंद्रकलाला विचारलं तरी असतं. बेल म्हटल्यावर विचारायचं काय?

"मंग शुक्रवारी काऊन नाही सांगतलं, काकू? मी तिथंच होती!"

"तू याइले चोर म्हनलं. मजुराइच्या देखत. तवा सांगतलं असतं तं चोराची बायको झाली असती मी. अन् हे मले उभं ठेवले नसते घरात." कलाबाईनं नाक पुसलं. "तू नुसतं इचारलं असतं न पोरी, तं मी तवाच सांगतलं असतं."

चंद्रकलाला हे ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शरमेलाही वेळ नव्हता. तिची नजर कलाबाईच्या ताटावर गेली. तांदूळ होते, फूल होतं, दुधाची वाटी होती. बेल नव्हता.

"काकू, ताटात बेल नाही?"

"बेल तं तिथंच..." कलाबाई बोलता बोलता थांबली. तिच्या हातातलं ताट खाली आलं.

श्रावणी सोमवार होता. दोघी धावत सुटल्या.

बगीच्याच्या मागं, नाल्याच्या काठी कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा होता, ओट्यावर पिंड. भोवती बाया बसल्या होत्या, घंटी वाजत होती, दुधाचा ओघळ चिखलात उतरत होता. पिंड हिरव्या पानांनी झाकून गेली होती. "यंदा महादेवानं दारातच बेल देल्ला," एक बाई दुसरीला कौतुकानं सांगत होती. "मले त्या उच्च्या झाडावर चढाचं कामच नाही पडलं."

ओट्याच्या कोपऱ्याशी चंद्रकलाचं रोप उभं होतं. हातभर उंचीची काडी, काटे, आणि पान एकही नाही. नवा फुटवासुद्धा कोणीतरी खुडून नेला होता. जागेवरून उपटलेलं, अजून मूळ न धरलेलं रोप, त्याच्या अंगावर घोटभर अन्न तयार करायला एक पान शिल्लक नव्हतं. ती ओरडली नाही. ओरडून शुक्रवारीच झालं होतं. ती नुसती खाली बसली आणि तिनं हात पुढं केला.

"हात नोको लावू," मागून आवाज आला. ओट्याची झाडलोट करणारा, बायांच्या हातात तीर्थ देणारा म्हातारा नत्थूजी होता तो.

"बाबाजी, हे बेल नाही. हे लिंबाच्या जातीचं झाड हाये, माझं हाये. पाच वर्स गेले माझे याच्यात."

"असन. पन कलाबाईनं देवाले लावलं. देवाले देल्लं ते परत मागत नाही कोनी."

"माह्या हातून चूक झाली, नत्थूजी," कलाबाई म्हणाली. "मीच लावलं, मीच काढून देतो."

"तुह्या घरावर डिंक्या कमी हाये का, कलाबाई? आनखी काय पाह्यजे?" एवढं ऐकल्याबरोबर कलाबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. ती मागं सरकली.

एका बाईनं चंद्रकलाला ओळखलं. "हे तं सौसरच्या मोतीरामची पोरगी. काय वो, तुमी तं बुद्धाचे मानसं. तुमाले कायले पाह्यजे आमच्या देवाचं?"

चंद्रकला सांगत सुटली. डिंक्या मुळाला धरतो, हे मूळ डिंक्याला दाद देत नाही, हे एक जगलं तर याच्यापासून हजारो होतील, तुमचेच बगीचे वाचतील, तुमच्याच हाताला काम राहील. सगळं खरं होतं, आणि सगळं असं भरभरून, अडखळत, रडत निघत होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. काडीकडे बोट दाखवून बगीचे वाचवायच्या गोष्टी! बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. नत्थूजी मात्र तिच्या हाताकडे पाहत होता. बोट काडीपाशी येऊन थांबलं होतं, तिला लागलं नव्हतं.

"हे पाय पोरी," तो जरा नरमाईनं म्हणाला. "परत मागू नोको. परत मले देता येत नाही. परसाद माग. परसाद कोनालेबी देतो मी, तिथं नाही म्हनता येत नाही. पदर पसर देवापुढं अन् माग."

म्हाताऱ्यानं वाट काढून दिली होती, त्याच्या परीनं मोठ्या मनानं. त्याला काय ठाऊक, त्यानं काय मागितलं ते.

मोतीरामची आई, म्हणजे चंद्रकलाची आजी, देवळाबाहेर दूर उभी राहून पदर पसरायची. हात लागू नये म्हणून प्रसाद वरून टाकायचे. कधी पदरात पडायचा, कधी धुळीत. धुळीतला तुकडा आई वेचताना मोतीराम पाहायचा, लहान होता तेव्हा. छप्पन साली तो नागपूरला पायी गेला, दीक्षा घेऊन आला, आणि घरातले देव टोपलीत भरून कन्हानच्या धारेत सोडून दिले. पुढं सौसरच्या नगरपालिकेत नळाच्या कामावर लागला, पोरीला शिकवलं, तिनं कितीही हट्ट केला तरी बहुतेक पुरवला. घरात नियम एकच होता. आपल्या घरातला पदर कोणापुढं पसरायचा नाही, माणसापुढं नाही नि देवापुढं तर नाहीच नाही. चंद्रकलाच्या मायनं उपाशी दिवस काढले पण तो नियम मोडला नाही.

चंद्रकला त्या पिंडीकडे पाहत राहिली. मनात भक्ती नव्हती आणि द्वेषही नव्हता; होती ती नुसती काडी. एक एक क्षण तिची मुळं उघडी पडल्यासारखी सुकत असणार, हेच तिच्या डोक्यात. उठून जावं? काडी हिसकून पळावं? बाया अंगावर धावल्या असत्या, ओढाओढीत तीही मोडली असती. दुसरं काही सुचेना. तिनं गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

"परसाद द्या," ती म्हणाली.

नत्थूजीनं खुरप्यानं माती सैल केली आणि रोप उचललं. खाली कुठंतरी मूळ तटकन तुटल्याचं तिला ऐकू आलं. मग तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तो वाकतो की नाही, किती उंचावरून टाकतो, हे तिला पाहायचं नव्हतं. तिनं डोळे घट्ट मिटले. पदराला ओलं वजन लागलं, काटा कापडातून मांडीला टोचला.

"अन् पानं," ती डोळे उघडून म्हणाली. "त्या पिंडीवरची याची पानं. तेबी द्या परसाद म्हनून."

नत्थूजीनं मूठभर पानं आणून दिली. तिनं त्यातून आपली पानं वेचली, अगदी बेलासारखी पण जरा जाड, चोळली तर लिंबाचा वास येणारी, आणि थर्मासमधल्या बर्फावर ठेवली. बाया तोंडात बोट घालून पाहत होत्या.

परतताना फाटकाशी केशवराव उभे होते. कलाबाईनं पुढं पळत जाऊन त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण त्यांच्या हातात मातीनं भरलेली एक कुंडी होती. चंद्रकला त्यांच्या पायाशी वाकायला गेली, ते मागं सरले.

"घ्या. वाळून जाईन ते," ते म्हणाले. कुंडी तिच्या हातात देताना त्यांनी दुसरीकडे पाहिलं. "चोराच्या घरची कुंडी हाये. चालन न?"

कुंडी छातीशी धरून ती बसस्टँडपर्यंत रडत गेली.

रोप तिनं सौसरला घरच्या अंगणात सावलीत ठेवलं, मोतीराम कामावर होते तेवढ्यात, आणि पानं घेऊन अरुंद रुळांच्या छोट्या लाइनच्या गाडीनं तशीच नागपूरला गेली. प्रयोगशाळेतली रीत अशी: बटाट्याच्या स्टार्चची पेज शिजवून ती काचेवर ओतायची, थिजली की खरवसाच्या वडीसारखी लुसलुशीत होते. त्या वडीत पानांचा रस भरायचा, वीज सोडायची, मग रंग टाकायचा. पानातली द्रव्यं आपापल्या वेगानं पुढं सरकतात आणि रंगात त्यांच्या रेघा उमटतात. आईची रेघ आईच्या जागी, बापाची बापाच्या. चंद्रकलानं तीन रस शेजारी शेजारी लावले होते. जांभेरीच्या रांगेत एक रेघ आली. डोंगरातल्या झाडाच्या रांगेत दुसरी, जरा खाली. आणि मधल्या रांगेत, पिंडीवरून आणलेल्या पानाच्या, हळूहळू दोन्ही रेघा उमटल्या.

प्रभाकर सर वाकून बराच वेळ पाहत राहिले. "खरं होतं गं," ते म्हणाले. "खरोखर दोघांचं होतं." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "रोप कसं आहे?"

ते 'होतं' तिच्या कानात घरापर्यंत वाजत राहिलं. इतकी वर्षं ती त्या दोन रेघांची वाट पाहत होती, आणि आता वाटत होतं, त्या आल्या नसत्या तर बरं झालं असतं. खोटं रोप मेलं असतं तर माणूस विसरला असता.

घरी आली तर मोतीराम तिच्याशी बोलेनात. सौसर ते केवढं! कोणीतरी नळावर त्यांना सांगितलंच होतं, तुमच्या पोरीनं महादेवापुढं पदर पसरला म्हणून. त्यांनी भांडण काढलं नाही, आवाज चढवला नाही. ताट वाढून ठेवत, ड्यूटीवर जात, येत, खाटेवर पडत. तिनं दोनदा "बाबा" म्हणून हाक मारली, ते "हं" एवढंच म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तरी परवडलं असतं. कुंडीला पाणी मात्र कोणीतरी घालत होतं. ती उठायच्या आधी माती ओली झालेली असायची.

आणि ती काय करत होती? ती खरवडत होती. काडी जिवंत आहे का ते पाहायची एकच रीत. नखानं साल जराशी खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर गेला. पहिल्या दिवशी तिनं शेंड्याला खरवडलं, तपकिरी. म्हणून जरा खाली खरवडलं, तिथं हिरवं. दुसऱ्या दिवशी तिथंही तपकिरी. मग आणखी खाली. तिला कळत होतं की प्रत्येक खरवड म्हणजे एक जखम, आणि काडीच्या अंगात जखम भरायची ताकद नाही. हे तिनं बी.एस्सी.च्या पोरांना शिकवलं होतं. पण हात राहत नव्हता. सकाळी उठली की कुंडीशी, जेवता जेवता उठून कुंडीशी. जीव नुसता टांगणीला लागलेला. काडी वरून खाली ओरखड्यांनी भरली, शेवटी मातीच्या वर बोटभर अंग तेवढं कोरं उरलं.

त्या संध्याकाळी ती पुन्हा कुंडीपुढं उकिडवी बसली होती, नख त्या कोऱ्या बोटभराला टेकवून. मागं मोतीराम येऊन उभे राहिले.

"वरून टाकलं," त्यांनी विचारलं, "का वाकून देल्लं?"

इतक्या दिवसांतलं ते त्यांचं पहिलं धड वाक्य. तिनं मान वर केली नाही.

"माहीत नाही, बाबा. मी डोळे मिटले होते."

मोतीराम वळले. आत गेले. कोनाड्यातली दाढीची पेटी उघडल्याचा आवाज आला. मग ते बाहेर येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसले, गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब करून. हातात ब्लेड होतं.

"जगन का हे?"

"माहीत नाही."

"मंग हात इकडं आन."

त्यांनी तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, लहानपणी घ्यायचे तसा, आणि अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक नख अगदी मुळापर्यंत कापून काढलं. मग म्हणाले, "आता दुसरा."